वरची गाठ

खांब गोल होता, दोन हातांच्या कवेत जेमतेम मावणारा, आणि त्याला वरपासून खालपर्यंत चकचकीत स्टीलचा पत्रा चढवलेला. ज्या कुणी तो चढवला, त्याने जन्मात कधी खांबाला काही बांधलेलं नसणार. खारू त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी होती आणि पत्र्यात तिला आपलंच लांबुडकं, वाकडं तोंड दिसत होतं.

"नुसती बघत काय बसलीस? गाठीचं काय ठरलं?" मागे खुर्चीत बसलेले मास्तर म्हणाले.

"ठरवतेय, बाबा."

मास्तर म्हणजे तिचे वडील. शाळेत त्यांनी कधी कुणाला शिकवलं नव्हतं. चव्वेचाळीस वर्षं सजावटीचा धंदा केला, दुकानांची उद्घाटनं केली, शाळांची संमेलनं केली, आणि या सगळ्यात त्यांनी बांधलेलं एकदाही खाली आलं नाही, म्हणून ते मास्तर. खारू हेही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी खारूताईसारखी सरसर शिडी चढायची म्हणून बापाने ठेवलेलं. आता वयाची एकोणचाळीस भरली होती, गुडघे कुरकुरत होते, कानामागचे केस पांढरे झाले होते, तरी सगळ्या धंद्यात ती खारूच होती.

आजचं काम नव्या वाचनालयाचं. दुपारी दोनला उद्घाटन. हॉलच्या मधोमध हा एकच खांब, त्याच्या पायाशी गोल टेबल, टेबलावर नव्या कोऱ्या पुस्तकांच्या चळती, आणि त्यांच्यावर, दीड पुरुष उंचीवर, खांबाभोवती पानाफुलांचं मोठं कडं. तारेची दोन अर्धी कडी जोडून ते खारूने सकाळपासून भरलं होतं. पाण्याने भरलेल्या बादलीएवढं तरी जड असेल.

अशा खांबावर सुरगाठ मारण्यात अर्थ नव्हता. ती एका ओढीत सुटते, उतरवताना बरी, पण भार आला की मान टाकते. निरगाठ सुटत नाही हे खरं, पण ती आपल्या वेढ्यांसकट खांबावरून सावकाश खाली सरकत येते आणि वर बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही. उरली आवळगाठ. ती मास्तरांच्या घरची. तीन वेढे घ्यायचे, टोक त्यांच्यावरून तिरकं आणून त्यांच्याच पोटातून काढायचं आणि ओढायचं. भार जितका वाढेल तितकी ती खांबाला आवळून बसते.

"आवळगाठ," खारू म्हणाली.

"मग एवढा वेळ काय पंचांग बघत होतीस?" मास्तर म्हणाले, आणि पायाशी ठेवलेला ॲल्युमिनियमचा मग त्यांनी जवळ ओढला.

दोराचं मात्र आज त्या दोघांच्या हातात नव्हतं. ग्रंथपाल बाईंनी आधीच बजावलं होतं, "माझ्या इमारतीत प्लास्टिक नको. त्याची फुलं नको, पट्ट्या नको, आणि दोरीसुद्धा नको." आली का पंचाईत. चार वर्षं वापरात नायलॉनशिवाय दुसरा दोर नव्हता. तो खारूनेच आणलेला. सासरचं घर सोडून ती माहेरी परत आली त्या महिन्यात, रिकामं बसवत नव्हतं म्हणून, तिने सामानाची खोली आवरली, जुना मळका सुती दोर ट्रंकेत कोंबला आणि पांढराशुभ्र नायलॉन आणला. कुजत नाही, मळत नाही, वर्षानुवर्षं टिकतो. आज तीच ट्रंक उघडून डांबरगोळ्यांच्या वासाचा सुती दोर बाहेर काढावा लागला होता.

कामाची त्यांची एक रीत होती. खालचे आधाराचे बांध खारूने घालायचे. सगळ्यात वरचा, ज्यावर सगळा भार, तो मास्तरांनी घालायचा, आणि तोही गिऱ्हाईक समोर उभं असताना. दोर मगातल्या पाण्यात बुडवायचा, बोटांनी निथळायचा, तीन पायऱ्या चढायच्या आणि गाठ मारायची. मग खाली उतरून, हात पुसत, गिऱ्हाइकाला सांगायचं, "आता हे पडलं तर मास्तर पडले समजा." लोक हसायचे, टाळ्या वाजवायचे. बरेचसे लोक या एका वाक्यासाठीच त्यांना बोलवायचे म्हटलं तरी चालेल.

आणि चार वर्षांपूर्वी मास्तर पडले होते. म्हणजे ते पडल्याचं फक्त खारूला माहीत होतं. खारू परत आल्यावरचं ते पहिलंच मोठं काम, कापडाच्या दुकानाचं. गाठ मारून, वाक्य म्हणून मास्तर चहाला गेले, आणि खारूच्या डोळ्यांदेखत कडं हातभर खाली घसरलं. तिने कुणी बघायच्या आत शिडी लावली, गाठ सोडली, दोर कोरडा पुसून आपल्या हाताने पुन्हा बांधला. खाली उतरली तेव्हा बापाची बोटं तिने पहिल्यांदा नीट पाहिली. कपबशी धरलेली बोटं थरथरत होती आणि बशीत चहा सांडत होता.

हात गेला. एवढंच तिला कळलं. आई नव्हती, कुणापाशी बोलणार? तिने तोंडाला कुलूप लावलं. त्यानंतर प्रत्येक कामाला तेच. मास्तरांनी गाठ मारायची, वाक्य म्हणायचं, खारूने "बाबा, चहा घेऊन या" म्हणून त्यांना पिटाळायचं, फडकं हातात घेऊन धूळ पुसायच्या निमित्ताने वर चढायचं, आणि गाठ बदलायची. काम शेजारच्या गावात असो की तापाने अंग फणफणत असो, ती हजर. तिच्याशिवाय एक काम झालं की बापाची चव्वेचाळीस वर्षं सगळ्यांसमोर खाली येणार, हे तिला दिसत होतं. सांगावं तर त्यांची अब्रू जाते, न सांगावं तर आपला जन्म जातो. अशी ती कात्रीत सापडली होती.

या कात्रीची खबर बाहेरच्या एकाच माणसाला होती. अग्निशमन केंद्रातले शिट्टीवाले साहेब, नव्या जवानांना शिकवणारे. गळ्यात कायम शिट्टी. त्यांच्या समारंभाला त्यांनी कवायतीच्या खांबावरचं कडं गमतीने ओढून पाहिलं, दोन जवान लटकले तरी हललं नाही. "कुणी बांधलं?" त्यांनी विचारलं. मास्तर म्हणाले, "मी." पण साहेबांनी तिला फडकं घेऊन वर चढताना पाहिलं होतं. जाताना ते हळूच म्हणाले, "जवानांना गाठी शिकवायला माणूस हवंय. पगार आहे, राहायला खोली आहे, बसने तासाभराचं गाव. विचार करा." ती नाही म्हणाली. पुढल्या वर्षी त्यांनी पुन्हा विचारलं, ती पुन्हा नाही म्हणाली. समोरच्या बिऱ्हाडात राहणारी आत्या तिच्यावर डाफरली होती, "जात का नाहीस? तुझा बाप काय दुधपितं बाळ आहे? दोन वेळा मी वाढीन त्याला." आत्याला तरी काय सांगणार?

आता तिसरी वेळ. काल साहेबांचा फोन आला होता. "उद्या पाचपर्यंत कळवा. पाचला यादी वर जाते, मग माझ्या हातात काही राहत नाही." रात्रभर खारूच्या डोळ्याला डोळा नव्हता. ती खोली तिने पाहिलीसुद्धा नव्हती, तरी तिथे खिडकी कुठे असेल हे तिने ठरवून टाकलं होतं.

दीड वाजता ग्रंथपाल बाई खांबापाशी आल्या. खालचे बांध घालून झाले होते. मास्तरांनी दोर मगात बुडवला, निथळला, खारूचा खांदा धरून तीन पायऱ्या चढले. बोटं थरथरत होती. एकदा टोक हातातून सुटलं, त्यांनी ते पुन्हा धरलं, पोटातून काढलं, ओढलं. तिच्याच खांद्याच्या आधाराने उतरले आणि हात पुसत म्हणाले, "आता हे पडलं तर मास्तर पडले समजा."

बाई खूश झाल्या. "मास्तर, खरं सांगू? मला तुम्हीच हवेत. महिन्याला एक कार्यक्रम आहे आमचा. तीन वर्षं."

खारूने मान वर केली. आता बाबा म्हणतील, वय झालं, बघू, विचार करून सांगतो. तसं काहीतरी ते म्हणतीलच.

"झालं म्हणून समजा," मास्तर म्हणाले. "आम्ही बापलेक करू की. खारू आहेच. ती कुठे जातेय?"

बाई निघून गेल्या. मास्तर खुर्चीकडे वळले. खारू शिडीपाशी उभी राहिली, फडकं हातात. छत्तीस कार्यक्रम. छत्तीस वेळा फडकं. त्यानंतर ती बेचाळीस वर्षांची असेल, मग पुढे पंचेचाळीस, आणि बाबा तरीही म्हणत असतील, ती कुठे जातेय. तिला इतका राग आला की कानशिलं तापली. बापाचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त. ज्या माणसाची लाज आपण चार वर्षं झाकली, त्याला ती झाकली गेल्याचीही खबर नाही, आणि तो आपलं आयुष्य परस्पर तीन वर्षांच्या बोलीवर देऊन मोकळा.

पडू दे, तिच्या मनात आलं. एकदाच पडू दे. खाली माणसं नाहीत, पुस्तकं आहेत, कुणाचं डोकं फुटणार नाही. पण सगळे बघतील, आणि मग मला कुणाला काही सांगावंच लागणार नाही.

तिने शिडी मिटली. उचलली, कपाटांच्या मागे नेली आणि भिंतीला टेकवून ठेवली. परत येताना तिला वाटलं की मास्तर आपल्याकडे बघतायत, पण ते बघत होते खांबाकडे.

दोन वाजता कार्यक्रम सुरू झाला. खारू शेवटच्या रांगेत बसली, मास्तर दुसऱ्या टोकाला. पाहुण्यांनी फीत कापली, भाषणं सुरू झाली. एकाने वाचनाचं महत्त्व सांगितलं, दुसऱ्याने तेच जास्त वेळ सांगितलं. खारूने एकाचाही शब्द ऐकला नाही. तिने कड्याच्या खालच्या कडेला, खांबावर पत्र्याचा जोड होता, तो हेरून ठेवला होता. कडं त्या जोडाखाली उतरलं की संपलं. तिचा जीव टांगणीला लागला होता. टाळ्या वाजल्या की ती दचकायची. माइक खरखरला की तिला वाटायचं, गेलं. आणि मग मधेच तिला आपलीच शिसारी आली. जगात कुणाची मुलगी बापाची फजिती बघायला अशी जागा धरून बसते? अडीच वाजता ती उठली, शिडीच्या दिशेने चार पावलं गेली. पण भरल्या सभेत, भाषण चालू असताना, मधोमध शिडी लावून वर कशी चढणार? ती परत येऊन बसली. स्वतःच लावलेल्या सापळ्यात आता ती बसली होती, आणि उठायची सोय नव्हती.

तीन वाजले. साडेतीन झाले. जोड कड्याच्या खाली तेवढाच दिसत होता. चारला आभार झाले. साडेचारला लोक गेले, खुर्च्या वाजवत आवरल्या गेल्या, ग्रंथपाल बाई पाहुण्यांना सोडायला बाहेर गेल्या त्या तिकडेच रमल्या. कडं बोटभरसुद्धा हललं नव्हतं.

खारूने शिडी आणली आणि वर चढली. गाठीला हात लावला. गाठ लाकडासारखी कडक लागली. दोर अजून ओलसर होता, फुगून जाड झाला होता, आणि तिन्ही वेढे एकमेकांत असे रुतून बसले होते की मधे नख शिरत नव्हतं. तिने गाठी सोडायचा लाकडी खुंटा काढला, घुसवला, जोर दिला. खुंट्याचं टोक मोडलं.

ती तशीच थांबली. ओल्या दोरावर बोट फिरवलं. सुती दोर पाण्याने फुगतो. फुगला की आवळतो. आणि नायलॉन? नायलॉन पाणी पीत नाही. भिजवला की तो नुसता बुळबुळीत होतो.

"आज तू शिडी ठेवून दिलीस," खालून मास्तर म्हणाले.

खारूने खाली पाहिलं. ते शिडीपाशी येऊन उभे होते.

"तुम्हाला माहीत होतं?"

"माझ्या गाठीचं टोक उजवीकडे निघतं. तू डावखुरी, तुझं डावीकडे. उतरवताना मी काय डोळे मिटून घेतो?"

"मग चार वर्षं बोलला का नाहीत?"

"काय बोलू? माझा हात गेलाय हे मला तुझ्या गाठीवरूनच कळलं." त्यांनी खाली पडलेलं खुंट्याचं टोक पायाने बाजूला सारलं. "आज शिडी नेलीस तेव्हा म्हटलं, पोरगी दमली. बसलो बघत, कधी पडतंय ते."

दोघं एकाच हॉलमध्ये, दोन टोकांना, एकाच कड्याकडे अडीच तास बघत बसले होते. खारूला रडू आलं आणि ते लपवायला दोन्ही हात मोकळे नव्हते.

"बाबा, तुमचा हात गेलेला नाही," ती म्हणाली. "ही गाठ सुटत नाहीये मला. खुंटा मोडला. अहो, दोर होता तो. तुम्ही भिजवून बांधता. सुती दोर भिजला की आवळतो, नायलॉन भिजला की घसरतो. नायलॉन मी आणला. मीच आणला, आणि मीच ठरवलं की तुमचा हात गेला."

मास्तरांनी आपले हात समोर धरले. बोटं नेहमीसारखीच थरथरत होती. ते त्यांच्याकडे उलटसुलट बघत राहिले.

"चार वर्षं," ते म्हणाले. खारूला वाटलं, आता ते रागावतील, आणि रागावले तर बरंच होईल. पण ते म्हणाले, "चार वर्षं तू माझ्यापायी अडकलीस. त्या शिट्टीवाल्यांना दोनदा नाही म्हणालीस."

"ते तुम्हाला कुणी सांगितलं?"

"माझ्याकडे आले होते ते, मागच्या वर्षी. म्हणाले, मुलीला सोडा. मी म्हटलं, तिचं तिला विचारा. आणि घरी येऊन तुला एक शब्द बोललो नाही. हात गेला होता ना माझा. तू गेलीस तर काय, हाच विचार." त्यांनी नजर खाली वळवली. "मघाशी बाईंसमोरसुद्धा तेच केलं मी. कधीपर्यंत कळवायचंय?"

"पाच."

भिंतीवरच्या नव्या घड्याळात पाचला सहा मिनिटं कमी होती.

"मग उतर की."

"ही सुटत नाहीये."

"काप," मास्तर म्हणाले.

त्यांच्या घरात दोर कापत नसत. कितीही अडलं तरी सोडायचा, गुंडाळायचा, पुन्हा वापरायचा. लहानपणी एकदा खारूने कापला होता तेव्हा मास्तर तिच्याशी दोन दिवस बोलले नव्हते. तिने खात्री करायला त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी फुलं कापायची सुरी वर केली.

खारूने खालचे बांध सोडले, कड्याखाली डावा हात घातला आणि सुरी चालवली. आवळगाठ कट्कन तुटली आणि सगळं कडं तिच्या अंगावर आलं. तिने ते दोन्ही हातांनी छातीशी धरलं. खाली टाकावं तर पुस्तकं, घेऊन उतरावं तर पायरी दिसत नाही. फोन खाली पिशवीत होता.

"चार मिनिटं," मास्तर म्हणाले. त्यांनी पिशवी उलटी केली, फोन शोधला. मग एका हाताने शिडी धरून ते चढायला लागले. एक पायरी, दोन, तीन. आज खांदा द्यायला कुणी नव्हतं. तिसरीवर ते थांबले, धापा टाकत, थरथरत्या बोटाने दोनदा चुकीचं बटण दाबून तिसऱ्यांदा बरोबर दाबलं, आणि हात लांब करून फोन तिच्या कानाला लावला. फोन तिच्या कानावर बारीक बारीक आपटत होता.

पलीकडे शिट्टी वाजली, मग साहेबांचा आवाज आला.

"साहेब, मी खारू," ती म्हणाली. "यादीत घाला मला. सोमवारी येते."

साहेब काहीतरी बरंच बोलले. त्यातलं निम्मं कानावर आपटणाऱ्या फोनमुळे तिला कळलं नाही. फोन बंद झाला तेव्हा घड्याळात पाच वाजायचे होते.

"तीन वर्षांचं काय?" तिने विचारलं.

"मी करीन. सुती दोर आणीन नवा. खालचे बांध घालायला कुणीतरी मिळेलच."

मग दोघांच्याही लक्षात आलं की मास्तरांना चढता येत असलं तरी मागच्या पावलाने एकट्याने उतरता येत नाही, आणि ते उतरल्याशिवाय खारूला उतरता येत नाही. हॉलमध्ये दुसरं कुणी नव्हतं. ग्रंथपाल बाईंचं हसणं बाहेरच्या फाटकापासून ऐकू येत होतं.

"हाक मारू का बाईंना?" खारू म्हणाली.

मास्तरांनी फोन खिशात ठेवला आणि तो हातही शिडीला नीट धरला. त्यांचं डोकं तिच्या कमरेपाशी होतं, आणि कड्यातली फुलं एकेक करून त्यांच्या पांढऱ्या केसांवर पडत होती.

"सोमवारी जाणार ना तू?"

"हो."

"मग आज काय घाई आहे," मास्तर म्हणाले.